घरच्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी, आणि त्यांना साथ देणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालयात दाखल होताना सह्या भरपूर होतात. तपासणीची संमती, भुलेची संमती, शस्त्रक्रियेची संमती. पण जो माणूस पुढचे कित्येक महिने या रुग्णाला उठवणार, धुणार, भरवणार, रात्री तीनदा जागा होणार, त्याची संमती कुठल्याच कागदावर नसते. त्याला कोणी विचारलेलंच नसतं. खालचे प्रश्न वॉर्डाच्या दारात, घरभेटीत आणि फोनवर पुन्हा पुन्हा येतात. काही शुश्रूषा करणाऱ्यांचे आहेत, काही आमच्याच, म्हणजे नर्सिंगच्या, क्षेत्रातल्या मंडळींचे.

मी तर तिचा नवरा आहे. मला 'काळजीवाहक' कशाला म्हणता?

नाव आवडत नसेल तर घेऊ नका. पण त्या नावाचा एक उपयोग आहे. नवरा, मुलगी, सून ही नाती आहेत, आणि नात्याला कोणी रजा, प्रशिक्षण किंवा विश्रांती देत नाही. कामाला नाव मिळालं की त्याबद्दल काही मागता येतं.

हे ज्यांच्यामुळे सुरू झालं त्यांत ब्रिटनमधल्या मेरी वेबस्टर यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९५४ साली त्यांनी आईवडिलांना सांभाळण्यासाठी धर्मोपदेशकाचं काम सोडलं. १९६३ साली त्यांनी वृत्तपत्रांना पत्र लिहून अशा स्थितीतल्या अविवाहित स्त्रियांची कोंडी मांडली. उत्तरादाखल इतक्या जणींची पत्रं आली की १९६५ मध्ये त्यातून संघटना उभी राहिली. १९७६ मध्ये तिथे शुश्रूषा करणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला, पण विवाहित स्त्रियांना वगळून. त्या तर घरीच असतात, असा हिशेब! जॅकलीन ड्रेक या महिलेने तो युरोपीय न्यायालयात नेला आणि १९८६ मध्ये विवाहित स्त्रियांनाही भत्ता मिळू लागला. घरच्या सेवेला 'काम' म्हणवून घ्यायला हा एवढा खटाटोप लागला.

वॉर्डात माझी जागा नक्की कोणती? कधी बाहेर काढतात, कधी 'नातेवाईक कुठे गेले' म्हणून शोधतात.

ही तक्रार अगदी रास्त आहे. गर्दी नको असते तेव्हा तुम्ही भेटायला आलेले असता, आणि चादर बदलायची असते तेव्हा घरचे. ही धरसोड संपवायचा एकच मार्ग म्हणजे पहिल्याच दिवशी बोलून घेणं. तुम्ही काय कराल, काय करणार नाही, किती वाजेपर्यंत थांबाल, रात्री कोण असेल, हे ड्यूटीवरच्या सिस्टरना सांगा आणि फाइलमध्ये लिहायला लावा. ड्यूटी बदलते, तोंडी ठरलेलं त्याबरोबर विरून जातं.

सोबत राहू देणं ही मेहेरबानी नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये जॉन जेरार्ड नावाचे स्मृतिभ्रंश झालेले डॉक्टर पाच आठवडे रुग्णालयात होते आणि संसर्गाच्या भीतीने घरच्यांच्या भेटी जवळजवळ बंद केल्या होत्या. जाताना चालते-बोलते असलेले ते परत आले तेव्हा त्यांना चालता येत नव्हतं, नीट बोलताही येत नव्हतं. त्याच वर्षी ते गेले. त्यांची मुलगी निकी जेरार्ड आणि तिची मैत्रीण ज्युलिया जोन्स यांनी 'जॉन्स कॅम्पेन' सुरू केलं. मागणी साधी होती: स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासोबत घरच्या माणसाला हवं तेव्हा थांबू द्या. तिथल्या असंख्य रुग्णालयांनी ती मान्य केली. मात्र या मोहिमेचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. थांबण्याचा हक्क मिळाला म्हणजे थांबण्याची सक्ती झाली असं नाही. घरी जाऊन झोपणाऱ्या नातेवाइकाकडे वॉर्डाने डोळे वटारून पाहू नये.

'गोपनीय आहे, सांगता येणार नाही' असं उत्तर मिळतं. मग मी काय करू?

रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याच्याकडून 'यांना सांगायला हरकत नाही' असं स्पष्ट वदवून घ्या आणि नोंदवून ठेवा. किती सांगायचं तेही तोच ठरवेल. आजार सांगा पण जुनी हकिकत नको, असं तो म्हणू शकतो.

नोंद नसली तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. गोपनीयता सांगायला आडवी येते, ऐकायला नाही. 'ते घरी गोळ्या तोंडात धरून नंतर थुंकतात' हे तुमच्याकडून ऐकून घ्यायला कुठलाच नियम मना करत नाही. त्यामुळे 'काही सांगू नका, फक्त माझं दोन मिनिटं ऐका' अशी सुरुवात करून पाहा.

बाबा काल बरे होते, आज रात्री भलतंच बरळतायत. वय झालं म्हणून का?

वय एका रात्रीत होत नाही. तासा-दिवसांत आलेला गोंधळ, मध्येच ठीक मध्येच भ्रमिष्ट, नसलेल्या गोष्टी दिसणं, किंवा उलट अगदी गप्प, मलूल पडून राहणं, याला डेलिरियम म्हणतात. मागे संसर्ग, पाण्याची कमतरता, अडलेली लघवी, बद्धकोष्ठता, वेदना किंवा एखादं नवं औषध असू शकतं. ताबडतोब कळवा. गप्प पडलेल्या रुग्णाचं तर आणखी लवकर कळवा, कारण तो कुणाला त्रास देत नाही आणि म्हणून कुणाच्या नजरेत येत नाही.

इथे तुमची जाणकारी यंत्रापेक्षा सरस ठरते. डेलिरियम ओळखण्याची एक पद्धत फक्त एका प्रश्नाची आहे आणि तो प्रश्न रुग्णाला नाही, जवळच्या माणसाला विचारतात: 'अलीकडे यांचा गोंधळ वाढलाय असं तुम्हाला वाटतं का?' नर्स रुग्णाला आज पहिल्यांदा पाहते, तुम्ही चाळीस वर्षं पाहताय.

चष्मा आणि कानाचं यंत्र लावून द्या. दिवस कोणता, आपण कुठे आहोत, हे शांतपणे सांगत राहा. त्यांना दिसतंय ते खोटं आहे यावरून वाद घालू नका.

तब्येत ढासळतेय असं आतून वाटतंय, पण कोणी मनावर घेत नाही.

'बरं वाटत नाही' असं मोघम सांगू नका. 'सकाळी स्वतः उठून बसले होते, आता हाक मारली तरी डोळे उघडत नाहीत, श्वास जोरात चाललाय' असं काल आणि आज यांतला फरक दाखवून सांगा. तरी हालचाल नाही झाली तर वरच्या डॉक्टरांना बोलावण्याची मागणी करा. ती उद्धटपणाची नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात २०१३ पासून 'रायन्स रूल' आहे. रायन साँडर्स हा लहान मुलगा २००७ मध्ये गेला. त्याची प्रकृती बिघडतेय हे आईवडील सांगत होते. आता तिथे घरचे थेट फोन करून दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासणी मागू शकतात. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स या तेरा वर्षांच्या मुलीच्या २०२१ मधल्या मृत्यूनंतर २०२४ पासून तसाच नियम रुग्णालयांत लागू होऊ लागला. दोन्ही नियमांना मुलांची नावं आहेत.

'उद्या डिस्चार्ज' असं संध्याकाळी सांगितलं. काय विचारू?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी औषधं. नवीन कोणती, डोस कशाचा बदलला, आणि जुन्यांपैकी कोणती बंद. तिसरा भाग बहुतेक वेळा राहून जातो. मग घरी जुनी गोळी आणि तीच, पण दुसऱ्या कंपनीची नवी गोळी, अशा दोन्ही चालू राहतात. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणा आणि डिस्चार्जच्या यादीशी समोरासमोर ताडून घ्या.

नंतर हातची कामं. नळीतून भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, जखमेची पट्टी बदलणं, इंजेक्शन. 'समजलं ना?' या प्रश्नाला दमलेला माणूस 'हो' म्हणतो. तो होकार काही कामाचा नाही. सिस्टरसमोर तुम्ही स्वतः करून दाखवा आणि चुकलं तर तिथेच दुरुस्त करून घ्या. यात तुमची परीक्षा नसते, शिकवणं पोचलं की नाही त्याची असते. आणि हे डिस्चार्जच्या सकाळी नाही, दोन-तीन दिवस आधीपासून व्हायला हवं. अमेरिकेत २०१४ मध्ये ओक्लाहोमापासून सुरुवात होऊन बहुतेक राज्यांनी यासाठी कायदाच केला: शुश्रूषा करणाऱ्याचं नाव नोंदवायचं, घरी सोडण्याआधी त्याला कळवायचं आणि करायची कामं शिकवायची.

मग धोक्याच्या खुणा, पण नेमक्या. 'काही वाटलं तर या' याला अर्थ नाही. किती ताप, किती तास लघवी नाही, जखमेतून काय आलं तर. आणि रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा, तो नंबर. नंबर मिळाला की तिथेच लावून बघा, लागतो का.

घराबद्दलही कोणीतरी विचारायला हवं. जिना आहे का, संडास किती दूर, पलंग किती उंच. न विचारल्यास तुम्ही सांगा.

'मला हे जमणार नाही' असं म्हणता येतं का?

येतं. आणि वेळेवर म्हटलेलं बरं. आठवड्याने कोलमडलात तर रुग्णही परत वॉर्डात येतो.

सगळंच नाकारावं लागतं असंही नाही. 'आईला आंघोळ घालीन, पण इंजेक्शन देणार नाही' किंवा 'वडिलांना मुलीच्या हातून स्वच्छता करून घ्यायचा संकोच वाटतो' ही कारणं पुरेशी आहेत. मी कामावर असताना एका मुलाने वॉर्डात सगळ्यांदेखत 'मी नाही करू शकत' म्हटलं तेव्हा आमच्यातल्याच काहींनी नाकं मुरडली होती. त्याच्या पाठीच्या मणक्यांचं ऑपरेशन झालेलं होतं, हे नंतर कळलं. कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी शिकवण्याआधी विचारते: तुम्हाला हे जमेल का, आणि कितपत?

उचलताना माझीच पाठ गेली. काही युक्ती?

उचलू नका, सरकवा, वळवा. माणूस जमेल तेवढं स्वतः करू देत. तुमचं काम आधार देण्याचं. अंथरुणावरून उठवताना आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हाताच्या रेट्याने बसतं करायचं. तुमचे पाय फाकवलेले, गुडघे थोडे वाकलेले, अंग त्यांच्या जवळ. काखेत हात घालून ओढायचं नाही. अर्धांगवायूत लुळ्या बाजूचा हात धरून तर मुळीच नाही, खांदा निखळू शकतो. माणूस पडायला लागला तर झेलायला जाऊ नका. शक्य असेल तर तोल सांभाळत जमिनीवर टेकवा, डोकं जपा. पडल्यानंतर लगेच उठवण्याची घाई नको, आधी कुठे लागलं ते पाहा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून हे अंगात येत नाही.

माकडहाडावर लालसर डाग दिसतोय.

बोटाने दाबून सोडा. डाग पांढरट होऊन पुन्हा लाल झाला तर त्वचा अजून सावरते आहे. लालीच जात नसेल तर ती दाबाच्या जखमेची, ज्याला आपण बेडसोअर म्हणतो त्याची, पहिली पायरी. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून पाहा, भोवतालपेक्षा गरम, टणक किंवा मऊ लागतं का. त्या जागेवरचा दाब लगेच काढा, चोळू नका, आणि नर्सला दाखवा. कूस किती वेळाने बदलायची ते रुग्ण आणि गादी यांवर ठरतं. साध्या गादीवर साधारण दर दोन तासांनी, असं बहुतेक ठिकाणी शिकवतात. टाचा उशीवर टेकवायच्या नाहीत, उशी पोटरीखाली ठेवून टाचा अधांतरी ठेवायच्या.

गोळी गिळत नाहीत. कुटून दिली तर चालेल?

प्रत्येक नाही. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. काहींवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून वाचवण्यासाठी असतं. औषधविक्रेत्याला विचारा, त्याच औषधाचं पातळ रूप मिळतं का ते बघा. आणि गिळणं अचानक अवघड झालं असेल, खाताना ठसका लागत असेल किंवा जेवणानंतर आवाज घरघरत, ओलसर येत असेल तर प्रश्न गोळीचा नाहीच. अन्न श्वासनलिकेत जात असावं. लगेच दाखवा.

मी थकलोय, पण आजारी तर ती आहे. माझं काय सांगायचं?

सांगायलाच हवं. १९९९ मध्ये शुल्झ आणि बीच या संशोधकांनी अमेरिकेतल्या वृद्ध जोडप्यांचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदाराची शुश्रूषा करताना ज्यांच्यावर ताण होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. या बातमीने घाबरून जाऊ नका, तिचा दुसरा भाग वाचा: शुश्रूषा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. म्हणजे सेवा माणसाला खात नाही, एकट्याने ओढलेलं ओझं खातं. आणि ओझं वाटून घेता येतं.

ते मोजण्याची पद्धतही आहे. स्टीव्हन झॅरिट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एक प्रश्नावली तयार केली. आज वापरात असलेल्या रूपात २२ प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण. 'स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का' अशा धर्तीचे. तुमच्या डॉक्टरांना ती माहीत असेल. त्यांच्याकडे स्वतःसाठी वेळ घ्या, आईच्या अपॉइंटमेंटच्या शेवटच्या मिनिटात दारात उभं राहून नको. रखडलेली तुमची रक्तदाबाची, साखरेची तपासणी त्याच दिवशी करून टाका.

कधी कधी इतका राग येतो की हात उगारला जाईल असं वाटतं.

हा प्रश्न लोक कुजबुजत विचारतात. राग येणं म्हणजे प्रेम आटणं नव्हे, पण तो धोक्याचा इशारा नक्की आहे. त्या क्षणी रुग्ण सुरक्षित बसलाय किंवा निजलाय एवढं पाहून खोलीबाहेर पडा. पाच मिनिटांत काही बिघडत नाही. मग त्याच दिवशी कुणाला तरी, नर्सला, डॉक्टरला किंवा भावाला, हेच शब्द सांगा. हात उचलला गेला असेल, खोलीला बाहेरून कडी घातली असेल, जास्त झोपेची गोळी दिली असेल तर तेही सांगा. अशा वेळी दोघांनाही मदत लागते. आणि उलटही घडतं: आजारी माणूस मारतो, चावतो, शिव्या देतो. आजारामुळे असलं तरी लागतं ते लागतंच. निमूट सोसणं हा उपचार नाही.

दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडून जायला मन धजत नाही.

पहिल्या वेळी कुणाचंच धजत नाही. तासाभरापासून सुरुवात करा, आणि तुम्ही घरात असतानाच नव्या माणसाला हात लावू द्या. एका कागदावर लिहून ठेवा: कुठल्या बाजूला झोपतात, पाणी कशातून पितात, काय बोललं की हसतात, काय केलं की चिडतात. तो तास 'कामं उरकण्यासाठी' वापरू नका. औषधं आणायला बाहेर पडणं म्हणजे सुट्टी नाही, हे मी हक्काने सांगते.

भावंडं लांब राहतात. फोनवर सल्ले देतात, बाकी काही नाही.

'कोणी मदत करत नाही' हे वाक्य बदला. 'दर महिन्याची औषधं तू मागवायचीस', 'दुसऱ्या शनिवारी रात्री तू थांबायचंस', 'डॉक्टरांशी बोलणं आणि बाकीच्यांना कळवणं तुझं'. लांबूनही कागदपत्रं, विम्याचे दावे, पैसा, रोजचा आईशी फोन, एवढं होऊ शकतं. त्यांना एकदा सलग तीन दिवस सोपवून पाहा. सल्ले बरेच कमी होतात.

नोकरी सोडू का?

घाईने नको. आधी वरिष्ठांना सांगा. कामाची वेळ बदलून मिळते का, घरून करता येतं का, अर्धवेळ होतं का. देशोदेशी नियम वेगळे आहेत. युरोपीय महासंघाच्या २०१९ च्या निर्देशात वर्षाला किमान पाच दिवस शुश्रूषा रजा आहे. जपानमध्ये एका नातेवाइकासाठी एकूण ९३ दिवस, तीन हप्त्यांत घेता येतात. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेसाठी वेगळा विमाच सुरू केला. तुमच्याकडे काय आहे ते रुग्णालयाच्या समाजसेवकाला विचारा. सोडलेली नोकरी परत मिळवणं कठीण असतं आणि आजारपण किती चालेल हे कुणालाच ठाऊक नसतं.

घरातला मुलगा बारा वर्षांचा आहे, आजीचं बरंच तोच बघतो. गुणी आहे.

गुणी आहेच. पण शाळा बुडते का, मित्र सुटले का, रात्री जागतो का, ते पाहा. पाणी आणून देणं ठीक. औषधांची जबाबदारी आणि शरीरस्वच्छता मुलाकडे नको. शाळेत एका शिक्षकांना कल्पना द्या.

आम्ही नर्स आहोत. आम्हाला रुग्णांनाच वेळ पुरत नाही, नातेवाइकांना कुठून देणार?

खरं आहे, आणि याला व्यवस्थेने माणसं वाढवूनच उत्तर द्यायला हवं. पण तोपर्यंत वेळ न लागणाऱ्या काही गोष्टी आहेत. नातेवाइकाला नावाने हाक मारा. उभं राहायला लावू नका, खुर्ची द्या. रुग्णाचा चार्ट भरताना शुश्रूषा करणाऱ्याचं नाव, फोन आणि 'काय जमेल, काय नाही' ही एक ओळ भरा. पुढच्या ड्यूटीला रुग्णाबरोबर ती ओळही सोपवा. तेवढ्याने रोजचे दहा वाद वाचतात, म्हणजे वेळच वाचतो.

घरी आल्यावर वस्तीतले लोक, शेजारी, स्वयंसेवक काय करू शकतात?

'काही लागलं तर सांगा' म्हणू नका. दमलेल्या माणसाला मागणं सुचत नाही. 'मंगळवारी चार ते सहा मी बसते' म्हणा आणि या. मोठ्या पातळीवर हे कसं उभं राहतं ते केरळमध्ये पाहावं: १९९३ मध्ये कालिकतला सुरू झालेल्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, कामातून प्रशिक्षित शेजाऱ्यांची जाळी गावोगाव विणली गेली, आणि २००८ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी धोरण केलं. नर्स घरी येते, स्वयंसेवक येतात, आणि घरच्या बाईला कळतं की उद्याही कुणीतरी दार वाजवणार आहे.

माणूस गेल्यावर काय?

सगळे फोन थांबतात. सिस्टर येत नाही, उपकरणं परत जातात, घर एकदम मोठं होतं. सुटल्यासारखं वाटलं तर त्याची लाज बाळगू नका. दुःख आणि सुटका एकत्र येतात. झोपेची मोडलेली घडी बसायला महिने लागतात. उरलेली औषधं, विशेषतः वेदनाशामक, घरात ठेवू नका, औषधविक्रेत्याकडे द्या. महिनोन्‌महिने लोटूनही जेवण, झोप, कामधाम सुरूच होत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

आमच्या क्षेत्रातल्यांसाठी: तीन-चार आठवड्यांनी एक फोन करा. फाइल बंद झालेली असते, तरीही करा. एका बाईंनी मला सांगितलं होतं, रात्री दोनचा कूस बदलायचा अलार्म अजून वाजतो, आणि बंद करवत नाही. आम्ही त्या दिवशी दुसरं काहीच बोललो नाही, अलार्मबद्दलच बोललो.